पुरळाचा तपास

टोकियोतल्या निशी-कसाई भागात आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या गृहस्थांइतका शिस्तीचा माणूस जपान्यांनीही पाहिला नसेल. आयटीच्या लाटेत पुण्याहून येऊन पडलेल्या आम्हा सगळ्यांना कचरा कसा वेगळा करायचा, हे त्यांनीच शिकवलं. दह्याचा डबा धुऊन, पुसून, वाळवून मगच टाकायचा, हा त्यांचा दंडक. मुलीचं दहावीचं वर्ष म्हणून बायको पुण्याला परतली आणि त्यांची शिस्त आणखीच वाढली. रविवारी दार वाजलं की मी आधी कचऱ्याची पिशवी लपवायचे.

एप्रिलात त्यांच्या अंगावर पुरळ उठलं, तेव्हा त्यांनी रीतसर तपास सुरू केला. साबणाची पावडर बदलली. शेंगदाणे सोडले, मग वांगी, मग सोया सॉस. आठवडाभर नुसता दहीभात खाल्ला, तरी चट्टे मानेपर्यंत चढलेच. भेटेल तो त्यांना नवा संशयित सुचवत होता; माझा आरोप त्यांच्या लोकरीच्या बनियनवर होता.

शेवटी मला जपानी येतं म्हणून त्वचेच्या डॉक्टरांकडे मला सोबत नेलं. इथे प्रत्येकाची औषधांची वही असते. औषधाच्या दुकानात दर वेळी औषधाचं नाव छापलेली चिठ्ठी तिच्यात चिकटवून देतात. त्यांच्या वहीला अर्थातच कव्हर होतं. ती चाळून डॉक्टरांनी विचारलं, आणखी काही औषध चालू आहे का? ते नाही म्हणाले, मीही जपानीत तसंच सांगितलं. मलम लिहून मिळालं.

बाहेरच्या बाकावर ते बराच वेळ बुटाची नाडी बांधत बसले. मग बॅगेतून दुसरी वही काढली. तिलाही कव्हर. आत एकाच गोळीच्या चिठ्ठ्या, मार्चपासूनच्या.

"वहिनी, ही मनाच्या डॉक्टरांची. तिथे मुद्दाम नवी वही मागून घेतली. एकीत दुसरं दिसायला नको."

मला रागच आला. "अहो, जिवावर बेतलं असतं तर?"

"ऑफिसात कळलं तर परत पाठवतील. आणि घरी काय सांगू?"

मी ती वही घेऊन आत गेले. पुरळ त्या गोळीचंच असणार, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी लगेच त्या दुसऱ्या डॉक्टरांना फोन लावला, गोळी बदलली, आणि पंधरा दिवसांत अंग स्वच्छ झालं. ऑफिसात कुणाला काही कळलं नाही. पुढच्या वर्षी ते पुण्याला परतले.

त्यांची आठवण निघाली की मी अजून ती दह्याच्या डब्याची गोष्ट सांगते, सगळे हसतात. मला मात्र स्वतःची लाज वाटते. काय खाल्लं, काय लावलं, हे मी त्यांना महिनाभर विचारत होते. एकट्याला करमतं का, हे एकदाही विचारलं नाही, आणि जिन्यात तर आम्ही रोज भेटत होतो.