मास्क माझ्या चेहऱ्याला बसला

मंडळी, आज मी जावेशी वाईट वागले. ते सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

माझी धाकटी जाऊ स्नेहल नवऱ्याबरोबर तारकर्लीला स्कुबा करायला चाललीय. तिला पोहताही येत नाही. मी रोह्याशेजारच्या अष्टमी गावची, कुंडलिका नदीत पोहून वाढलेली. मला कुणी 'चल' म्हणालं नाही. बातमी कळल्यापासून मी वरून हसतेय आणि आतून जळतेय.

तिला पाण्याखाली डोळ्या-नाकावर लावायचा स्वतःचा मास्क हवा होता. रोह्यात नुसते पोहायचे गॉगल मिळाले, म्हणून आज आम्ही दोघी पेणला गेलो. तिथल्या दुकानात एकच मास्क होता.

दुकानदार म्हणाला, "पट्टा न लावता चेहऱ्यावर धरा, नाकाने श्वास ओढा नि हात सोडा. चिकटून राहिला तर पाणी शिरणार नाय."

स्नेहलच्या चेहऱ्यावरून तो लगेच निसटला. मी सहज लावून बघितला, तर घट्ट बसला.

"ताई, तुमच्याच मापाचा हाय. तुम्ही पण चाललाय का?" त्याने विचारलं.

माझ्या पोटात दुखलंच. तेवढ्यात स्नेहल म्हणाली, "ताई, घेऊ ना हा?"

"घे. पाण्यात नीट बसेल," मी सांगितलं. खोटं होतं ते.

परतीच्या गाडीत ती खुशीत होती. कासू गाव मागे पडल्यावर मला राहवलं नाही. "तो बदलून घे. पाणी शिरेल त्यात. मला तेव्हाच ठाऊक होतं."

तिने पिशवीतून मास्क काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "तुम्हाला यायचं होतं, तर बोललात का नाय?"

 मंडळी, तुम्ही मनातलं बोलता का हो अशा वेळी?