पुरावा म्हणून खोललेला दिवा
ग्लू गनचा जळका वास आला की आजही माझ्या कानांतून अशी वाफ निघते, की शेजाऱ्यांनी तिच्यावर खुशाल इडल्या लावाव्यात. राजधानीतल्या द्वारका भागातल्या आमच्या सोसायटीत दिवाळीला हाताने केलेल्या दिव्यांची स्पर्धा होती. महिनाभर खपून मी असा दिवा केला होता, की विमानतळावर उतरणारी विमानं वाट चुकून आमच्या गच्चीवर आली असती. खाली जुन्या स्कूटरच्या हेडलाइटची कडी, मध्ये बांबूच्या कामट्या आणि वर आईने विणलेली क्रोशाची जाळी. तिचे हात थरथरायला लागण्याआधीची ती शेवटची जाळी. परीक्षक बाईंनी चष्मा वर सरकवला. "भाईसाहब, ये तो ऑनलाइन मंगवाया है. इतनी सफाई हाथ से? ना जी, ना." माझं डोकं असं फिरलं, की मांडवातले पंखे लाजले. "अच्छा? तो देखिए!" म्हणत मी सगळ्यांसमोर दिवा खोलायलाच बसलो. कडी काढली, कामट्या उपटल्या, हा गोंद बघा, ही माझी गाठ बघा! पुढच्या रांगेतून आई ओरडली, "अरे, जाळी नको!" पण तोवर मी ती खेचली होती आणि ती सरसर उसवत गेली. "हाँ, हाथ का ही था," म्हणून बाई पुढच्या टेबलाकडे वळल्या. दोऱ्याचा गुंता पदरात गोळा करत आई म्हणाली, "त्यांना कशाला दाखवत बसलास? मी बघत होते ना तुला करताना." त्या बाई कधीच दुसऱ्या सेक्टरात राहायला गेल्या. राग माझ्याच घरी मुक्कामाला राहिलाय, आणि हल्ली तो माझ्यावरच गुरकावतो.