इटालियनमधलं अरे-तुरे

इटालियन भाषेत 'तू'ला 'तू'च म्हणतात. उच्चार तोच, अर्थ तोच, आणि मारायचा म्हटला तर लागतोही तिथेच. माझ्या वर्गातल्या इंग्रजाला हे शेवटपर्यंत कळलं नाही. त्याच्या भाषेत राजाला आणि कुत्र्याला एकच शब्द, त्याला कुठून कळणार?

मी थळच्या कोळीवाड्यातली. बाप तांडेल, स्वतःची होडी चालवायचा. आई अलिबागच्या बाजारात मासळी विकायची. आमच्या बोलीत सगळ्यांना तू. बापाला तू, म्हाताऱ्याकोताऱ्यांना तू, एकवीरा आईलाही तू. त्यावाचून कुणाचं काही अडलं नव्हतं. देश स्वतंत्र झाल्यावर बापानं मला अलिबागच्या हायस्कुलात घातलं आणि पहिल्याच आठवड्यात मी मास्तरांना विचारलं, "सर, काल तू का न्हाय आलास?" झालं! हातावर छड्या बसल्या. पोरं फिदीफिदी हसली. घरी सांगितलं तर बाप भडकला. "देवाला तू चालतं, आन मास्तराला न्हाय? कोन लागून गेला त्यो?" पण मी 'तुम्ही' शिकले. अशी शिकले की पुढे कुणी एकेरीवर आलं की ते मायेनं की मला हलकं लेखून, हे मला पहिल्या अक्षराला कळायचं.

मुंबईत कॉलेज करताना संध्याकाळच्या वर्गात मी इटालियन शिकले. कोळ्याच्या पोरीला इटालियन कशाला, असं ज्यानं त्यानं विचारलं. आवडलं म्हणून! मासळीवालीच्या पोरीला एवढं कारण पुरत नाही असं लोकांना वाटतं. वाटू दे. मग इटलीतल्या एका डोंगरगावात पुढे शिकायची शिष्यवृत्ती मिळाली, तेव्हा कोळीवाड्यात गलका उठला. पंचांनी बापाला बोलावून विचारलं, लग्नाची पोर समुद्रापार धाडतोस? बाप म्हणाला, "समुद्र आपलाच हाय. आन पोर माजी." एवढं बोलून उठून आला.

शिष्यवृत्तीची अट साधी होती. वर्षअखेरची तोंडी परीक्षा पास झाले तर दुसरं वर्ष, नाहीतर मिळेल त्या बोटीनं घरी. आणि घरी, बापाला "सांगितलं होतं ना!" म्हणायला माणसं टपून बसलेली.

गाव डोंगराच्या माथ्यावर, जुन्या तटबंदीच्या आत. रस्ते दगडी आणि सगळे चढाचे, पाव आणायला गेलं तरी धाप लागायची. कुठल्याही बुरुजावर चढा, समुद्र नाही. मला गुदमरायला व्हायचं. भाषा मात्र परकी वाटली नाही. साबणाला सापोने, चावीला क्यावे, पगाराला पागा. घरमालकीण मला तू म्हणायची, जेवले नाही तर दंडाला धरून ताटावर बसवायची. तिच्या तूबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती.

आदरानं बोलायचं तर तिथे 'लेइ' म्हणतात. लेइ म्हणजे खरं तर 'ती'. चांगल्या मिशाळ गृहस्थालाही 'ती' म्हणायचं, की स्वारी खूश. आमचे व्याकरणाचे प्राध्यापक सगळ्यांना लेइ म्हणायचे. इंग्रजाला लेइ, दोघी जर्मन बहिणींना लेइ, अमेरिकेहून आलेल्या म्हाताऱ्या बाईंना तर कमरेत वाकून लेइ. तू फक्त दोघांना, मला आणि सोमालियाहून आलेल्या एका मुलाला. वर्गात काळी कातडी आमचीच दोघांची.

आधी म्हटलं चुकून होत असेल. मग म्हटलं, आपण वयानं लहान म्हणून असेल. पण जर्मन बहिणींतली धाकटी माझ्याहून लहान होती. सोमालियाच्या मुलाला विचारलं, तर तो म्हणाला, "आमच्याकडे यांचंच राज्य होतं. माझ्या आजोबांनाही तूच म्हणायचे. सवय होते." मला नाही झाली.

एके दिवशी माझी चूक सुधारून प्राध्यापकांनी विचारलं, "समजलं का तुला?"

"समजलं," मी म्हणाले. "तू छान समजावलंस."

अमेरिकन बाईंना वाटलं पोरगी व्याकरणात चुकली. त्या बिचाऱ्या हळूच "लेइ, लेइ" असं सुचवायला लागल्या. प्राध्यापक लालबुंद. "काय म्हणालीस?"

"तू मला तू म्हणतोस, म्हणून मीही म्हटलं. आपला एवढा घरोबा आहे हे मला उशिरा कळलं."

ते वर्गाकडे वळले आणि थंडपणे म्हणाले, "हिला आदरार्थी रूप अजून येत नाही. हिला परीक्षेला बसवण्यात अर्थ नाही."

अस्सा संताप आला! अपमान करणार हे, तो ओळखला तर माझंच व्याकरण कच्चं? चोर तो चोर, वर शिरजोर!

दुसऱ्या दिवशी संचालकांनी बोलावलं. माणूस सभ्य. लेइ म्हणाले, खुर्ची दिली. मग म्हणाले, "वर्गात माफी मागा. नाहीतर परीक्षा विसरा."

मी विचारलं, "माफी कुठल्या रूपात मागू? स्कूझामि म्हणू की मि स्कूझि?" पहिलं ज्याला तू म्हणतो त्याला म्हणायचं, दुसरं ज्याला लेइ म्हणतो त्याला.

"अर्थातच, मि स्कूझि."

"मागते. पण त्यांनीही माझी त्याच रूपात मागावी. सुरुवात त्यांनी केलीय."

खोटं कशाला सांगू, डोळ्यांसमोर बाप होता आणि ते टपलेले पंच. म्हणून टाक बाई, एक शब्द तर आहे, असं मन सारखं सांगत होतं. पण त्याच एका शब्दासाठी मी छड्या खाल्ल्या होत्या. तो फुकट कसा देऊ?

संचालक पेनाशी चाळा करत राहिले. शेवटी म्हणाले, "द्या परीक्षा. पण परीक्षक तेच आहेत, आणि त्यांची जीभ काही मला बदलता येणार नाही."

"माझीही नाही," मी म्हणाले आणि उठले.

परीक्षेच्या दिवशी खोलीच्या दाराशी सोमालियाचा मुलगा भेटला. "आज तरी गप्प राहा," तो काकुळतीनं म्हणाला. मी आत गेले. प्राध्यापक एकटेच होते.

"बस," ते म्हणाले. एकेरीत.

मी उभी राहिले.

"बस म्हटलं ना!"

"ऐकलं मी. आपण प्रश्न विचारावेत."

त्यांनी विचारले. सोपे संपल्यावर अवघड, अवघड संपल्यावर आडवळणाचे. मी प्रत्येक उत्तरात लेइ घातलं. आपण म्हणालात त्याप्रमाणे, आपली परवानगी असेल तर, आपल्याला ठाऊक असेलच. गरज नव्हती तिथेही घातलं. आदरार्थी रूप येत नाही काय? घ्या! पायांना मुंग्या आल्या, पण खुर्चीच्या पाठीलासुद्धा मी हात लावला नाही.

अखेर त्यांनी मार्क लिहिले. मी टेबलाच्या अलीकडून उलटे वाचले. पास होण्यापुरते, एकही जास्त नाही. असू देत, दुसरं वर्ष माझं झालं होतं.

कागदावरची नजर न उचलता ते म्हणाले, "पुओ आंदारे." तुम्ही जाऊ शकता. तू म्हणणारा माणूस इथे "पुओइ आंदारे" म्हणतो. फरक एका 'इ'चा, इंग्रजाला ऐकूही आला नसता. मी ऐकला. 'इ' नव्हता.

जायला सांगितलं होतं, तरी मी खुर्ची ओढली आणि ऐसपैस बसले.