निंबाच्या खाचेची चटई

जळगावला प्लॅस्टिकच्या चटया विणणाऱ्या कारखान्यात मी कापणी-शिवणी सांभाळतो. आमच्या शेठचं धोरण एकच. "व्यक्ती तितक्या प्रकृती, म्हणून काय तितके माग लावायचे?" मागावर माल सगळा सारखाच विणायचा. तो ज्याचा-त्याचा होणार शेवटी, माझ्या टेबलावर. हव्या मापाला कापायचा, हव्या रंगाची किनार शिवायची. फोनवर माप घ्यायचं, चटई कशाला हवी ते विचारायचं नाही. यावरच धंदा वाढला आणि त्याचा तोरा मी मिरवत असे.

बिनकिनारीची राखाडी चटई मात्र न विचारताही कळायची. आमच्या भागात माणूस गेलं की लोक दारावर भेटायला येतात, तेव्हा ओट्यावर अंथरायला ती लागते. कुणी जाण्याआधी ती मागवत नाही.

त्या दुपारी टेबलावर तशी एक पसरली होती. एका कडेला अर्धगोल खाच, हाताखालच्या पोरानं कापून ठेवलेली. ही खाच मी लहानपणापासून ओळखतो. चोपड्याचा आमचा ओटा निंबाच्या खोडाला वळसा घालून बांधलाय. आणि त्या घरात एकटे आबा राहतात, माझे वडील.

"कुणी मागवली?" फोनवर ऑर्डरी घेणाऱ्या मुलीला मी विचारलं.

"नाव नाही सांगितलं. म्हातारा आवाज होता, सर. माप अगदी तोंडपाठ."

मी चोपड्याला घरी फोन लावला. रिंग वाजत राहिली. मागांचा खडखडाट चालू असेल, मला ऐकू येत नव्हता. इतकी भीती मला कधी वाटली नव्हती.

"चटई तयार शे का?" आबांनी फोन उचलताच विचारलं.

मग शांतपणे म्हणाले, "धुळाना डॉक्टरनी सांगी दिधं. आते जास्त दिन नही. तू ऐन वखतले धावपळ करशी, चटई लहान पडी. भेटाले येनारा बठ्ठासले बसाले जागा पायजे."

मी भडकलो. नाही नाही ते बोललो. चटईचे तुकडे करून पुन्हा वितळवायला टाकावेत असं वाटलं. कात्री उचलली आणि खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी चटई मीच घेऊन गेलो.

आबांनी ती अंथरली, खाच खोडाला भिडवली. तसूभर फट राहिली नाही. त्यांना बरं वाटलेलं दिसलं, मला त्याचाही राग आला. मग त्यांनी खोडाशेजारची जागा हातानं थोपटली.

"आठे तू बसजो. मना बाप गया तवय मी आठेच बठेल व्हतू." जागा पुन्हा थोपटत म्हणाले, "बशीसन पाह्य."

जन्मभर म्हाताऱ्याशी वाद घातला, या वेळी नाही. मी बसलो. पाठ खोडाला टेकली, गुडघे कडेच्या आत राहिले. जागा माझ्याच मापाची होती.