झाड नंबर सत्तावीस

आधीच सांगून टाकते, प्लॅन माझाच होता. अन् मले तो इतका भारी वाटून राह्यला होता का ऊर्जानगरच्या क्वार्टरमधून मी तो ग्रुपवर धडाधड टाइप करून टाकला. सहा जण. साडेसहाले चढाई सुरू. माणशी तीन लिटर पाणी, मीठ-साखर, फुल बाह्यांचे कपडे, सेंट लावायचं नाई कारण आग्या मोहोळ. दहा वाजता जिथी असू तिथून परत, शिखर येवो का न येवो. हरवलं तं जाग्यावर थांबायचं, शिट्टी तीनदा.

पहाड धानोरा तालुक्यातला, एकदम उभा, झाडीनं गच्च भरलेला. माझ्या वर्गातल्या मित्राची आत्या त्याच्या पायथ्याच्या गावात राह्यते. प्लॅन वाचून तो म्हणे, "अबे, माही आत्या टोपली घेऊन चपलीवर चढते तिथी. तू तं लढाईलेच निघाली."

"तुझी आत्या हरवणार नाई. आपण हरवू," मी म्हटलं. हे मात्र खरं होतं.

म्हणून एक रविवार आधी आम्ही दोघंच रस्ता पाहाले गेलो. बाजाराचा दिवस, गाव रिकामं, आत्याबी कोण्या लग्नाले गेलेली. जिथी जिथी वाट फुटत होती तिथी मी लाल रिबन बांधली. अन् झाडांवर पांढऱ्या ऑइलपेंटनं नंबर टाकले, एक ते सत्तावीस. कोणी चुकलं तं सांगता यावं, मी नंबर चौदापाशी हाये म्हणून. व्हिडिओत पाह्यलं होतं मी.

तो पहिल्याच झाडापाशी म्हणाला होता, "पाटलाले विचारून घेऊ आधी. थांबू संध्याकाळपर्यंत."

"रिबनच तं हाये बे! अन् जंगलवाल्या साहेबांले विचारलं ना आपण?"

 पेंटचा डबा त्यानंच धरला होता.

पुढच्या रविवारी आम्ही सहा जण जीपनं पोचलो. मोहाचे दिवस. सकाळी सकाळी सगळं गाव झाडांखाली वाकून फुलं वेचत असायले पायजे. तं झाडांखाली कोणीच नाई. फुलांचा सडा पडलेला अन् बकऱ्या खाऊन राह्यल्या. सगळं गाव पाटलाच्या घरासमोरच्या चिंचेखाली बसलेलं. मधात लाल रिबनींचा ढीग. माझ्याच.

आमच्या टोप्या, बुटं पाहून एक म्हातारी बाई उठली. "मोजून झाला का आमचा पहाड? किती झाडं कापता?"

मले काईच समजलं नाई. तेवढ्यात आत्या पुढं आली अन् भाच्याचा हात धरला. "तू या लोकांच्या संगं काऊन आला रे? तिकडं खाणीकडं माही नणंद दिली हाये. तिच्या गावातबी आधी रंगच आला होता झाडांवर. मंग मशिनी आल्या."

मंग समजलं. आठ दिवस हे लोक ते नंबर पाहून राह्यले होते. त्या दिवशी मोह सोडून सभेले बसले होते.

पाटील शांतपणे म्हणाले, "हे कोणं बांधलं?"

माझ्या गळ्यात शिट्टी, हातात प्लॅनची प्रिंट. मी प्रिंटची घडी घालत राह्यली.

"मी बांधलं, काका," मित्र म्हणाला.

आता जे लिहिते ते लिहायची लाज वाटते. मले त्या वेळी हलकं वाटलं. वाटलं, बरं झालं, त्याच्याच घरचे लोक हायेत, त्याले माफ करतीन.

आत्यानं हात सोडला. "तू? घरच्या माणसानं? माह्या घरात पाय नको ठेवू."

तो खाली पाहत उभा राह्यला. तवा कुठी मी बोलली. "मी लावले, आत्या. सगळे मीच. हा तं विचारून घेऊ म्हणत होता."

पाटलांनी माझा कागद मागितला अन् एका पोरीले वाचाले लावला. शिट्टीच्या ओळीपाशी एक जण हासला, "तीनदा वाजवल्यावर अस्वल येते का जाते, ते लिहिलं का?" थोडे लोक हासले. पाटील नाई हासले.

"सगळं हाये बाई यात. आमचं गाव कुठी हाये?"

कागदावर गावाच्या जागी मी 'पार्किंग' लिहिलं होतं.

"जा, पुसून ये," ते म्हणाले.

बाकीचे चौघं मोह वेचाले लागले. मी, आत्या अन् तो वर निघालो. पेंट निघते का! घासलं तं साल निघाले लागली. मंग आत्यानं बादलीतली शेण-माती एकेका नंबरावर लिंपली, मी शिकली. उभ्या चढावर माझे भारी बूट घसरत होते, अन् आत्या चपलीवरून हात देत होती. तो मागून बादली घेऊन येत होता. सत्तावीसपर्यंत एक शब्द बोलला नाई. तिथी एवढंच म्हणाला, "तू पहिलेच बोलायची होती." वरून काय दिसते ते मी पाह्यलंच नाई.

उतरताना आत्या म्हणाली, "पावसात हे धुऊन जाईन. नंबर पुन्हा दिसतीन. तवा येजो लिंपाले. पहिले माह्या घरी येजो. याले घेऊन."

पण तो माझ्याशी बोलेच ना. मेसेजले 'हो', 'नाई', बस. मी एवढी फास्ट टाइप करते, अन् 'मी आधी बोलायले पायजे होतं' एवढं लिहून किती वेळा पुसलं. परवा धानोऱ्याकडं जोरात पाऊस झाला तवा पाठवलं. एक दिवसानं उत्तर आलं.

"रविवारी. बादली तू धरजो."