लिफ्टमामा आडवे निघाले

लिफ्टमामांचं सगळं आयुष्य वर-खाली करण्यात गेलं. नशिबाचं नव्हे, नशीब बिचारं एका मजल्यावर गुपचूप उभं असायचं. पण काम लिफ्ट दुरुस्तीचं. शहरातल्या निम्म्या उंच इमारतींच्या लिफ्ट त्यांच्या हाताखालून गेलेल्या. कुठे दार अडकलं, कुठे कोणी दोन मजल्यांच्या मध्ये लटकलं, की पहिला फोन मामांना. अडकलेल्या माणसाशी ते बाहेरून इतक्या निवांत गप्पा मारत, की सुटका झाल्यावर गोष्ट अर्धवट राहिली म्हणून काही जण हळहळत. लहानथोर सगळे त्यांना मामा म्हणत, आणि त्या नात्याने त्यांची बायको आपोआप मामी झाली. "हे नाव मी मागितलं नव्हतं, लिफ्टबरोबर फुकट आलं," असं ती म्हणे. मामी एका दवाखान्याच्या काउंटरवर रुग्णांना नंबर द्यायला बसायची. तिने खणखणीत आवाजात "पुढचा!" म्हटलं की निम्मा आजार तिथेच पळून जाई.

लिफ्टचं यंत्र गच्चीवरच्या एका कोंदट खोलीत असतं. तिथे ग्रीसचा वास, पंख्याची घरघर आणि एखादी काळवंडलेली खिडकी. शहराच्या टोकाच्या इमारतीतली अशीच एक खिडकी मामांची लाडकी होती. तिच्यातून लांबवर, टेकडीच्या पायथ्याशी, रुमालाएवढं तळं दिसे. मामा हात पुसता पुसता त्याच्याकडे बघत. पावसात ते राखाडी व्हायचं, उन्हात पत्र्यासारखं चमकायचं. कित्येक वर्षं मामांनी ते वरून पाहिलं आणि एकदाही तिथे गेले नाहीत.

"दुरून डोंगर साजरे," मामी म्हणायची. "जवळ गेलात तर डास चावतील."

मग त्याच इमारतीच्या तळघरात मामांना एक सायकल सापडली. घर सोडताना कोणी भाडेकरू ती टाकून गेला होता. धूळ इतकी, की रंग ओळखू येईना. इमारतीच्या अध्यक्षांनी "घेऊन जा, जागा तरी मोकळी होईल" म्हटलं, आणि मामांच्या अंगात आलं! पन्नाशी उलटलेला हा माणूस त्या संध्याकाळी सायकलवरून घरी आला तो घंटी वाजवत, घामाने निथळत आणि उजव्या पायाची विजार साखळीत फाडून.

"मी तळ्यावर जाणार," दारातूनच त्यांनी जाहीर केलं. "तंबू ठोकून राहणार. सगळ्यांना घेऊन जाणार!"

सगळे म्हणजे मामी आणि दोन कुत्री. धाकटी ठिणगी. अंगाने मूठभर, पण घरात एका जागी टिकेल तर शपथ. थोरला मॅनेजर. तो पिल्लू असल्यापासून मामांच्या सामानाच्या गाडीतून कामावर जायचा. मामा आणि त्यांचे जोडीदार घाम गाळत असताना हा पुढच्या सीटवर पाय पसरून सगळ्यांवर नजर ठेवायचा आणि कोणी जरा टेकलं की भुंकायचा. नाव पडायला आणखी काय लागतं?

पण आता मॅनेजर म्हातारा झाला होता. मागचे पाय अधू झालेले. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, पळवू नका, पायऱ्या नकोत, गाडीत उड्या नकोत. तेव्हापासून तो दाराजवळच्या चटईवर पडून असे. मामा कामाला निघाले की पूर्वी डोकं वर करायचा, पुढे पुढे तेही बंद झालं. आणि त्याचं भुंकणं थांबलं. दारावर कोणीही येवो, मॅनेजर गप्प. मामा-मामी याबद्दल एकमेकांशी बोलत नसत, कारण दोघांनाही ते सहन होत नव्हतं.

म्हणून मामी म्हणाली, "मी काही येत नाही. कुणीतरी घरी थांबायला हवं. मॅनेजरला कुठे टाकणार?"

"टाकतंय कोण? तोच तर येणार आहे! त्याच्यासाठी मागे गाडी जोडतो."

मामीने त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं ती फुकटात तपासून घ्यायला आलेल्यांकडे पाही. "ठीक आहे. एक रात्र. ठिणगीला आणि त्याला घेऊन जा. पण त्याला नुसता ओरखडा जरी आला ना, तर ती सायकल दुसऱ्या दिवशी भंगारात. आणि पोचल्यावर फोन करायचा. खरं काय ते सांगायचं."

"मी खोटं कधी बोलतो?"

हे मात्र खरं होतं. लिफ्टमध्ये अडकलेल्याला मामा "अर्धा तास लागेल" म्हणत, आणि अर्धा तासच लागे. या माणसाला गोड बोलता येई, पण थापा मारता येत नसत.

झालं! पुढचे काही दिवस घराचं वर्कशॉप झालं. जुन्या पाळण्याची चाकं आली, अॅल्युमिनियमच्या पट्ट्या आल्या, प्लायवूड आलं. मॅनेजरला चढायला सोपं जावं म्हणून मागची फळी खाली पडणारी केली, तिला कडी लावली. जेवताना मामांच्या ताटाशेजारी स्क्रू असत. ठिणगी एक नट तोंडात घेऊन पलंगाखाली गेली, तेव्हा मामा तिच्यामागे सरपटत शिरले आणि अर्धा तास तिथेच अडकून बसले. त्यांना बाहेर काढताना मामी म्हणाली, "अर्धा तास लागेल म्हणून आधी सांगायचं नाही का?"

आणि मग मामांनी तो घोळ घातला, जो जगात फक्त लिफ्टवालाच घालू शकतो.

लिफ्ट का चालते? तर दोराच्या एका टोकाला लिफ्ट आणि दुसऱ्या टोकाला तिला तोलून धरणारी लोखंडी वजनं असतात म्हणून. ही वजनं नीट जुळली की मोटारीला कष्ट नाहीत. मामांचं आयुष्य या तोलावर उभं होतं. त्यांनी मॅनेजरला बाथरूमच्या काट्यावर उभं केलं, तंबू, पाण्याच्या बाटल्या, स्टोव्ह, डबा सगळं जोखलं, आणि सामान पुढे, मॅनेजर मागे असा चाकांच्या दोन्ही बाजूंना तोल साधला. इतका, की गाडीचा दांडा सायकलला न जोडताच हवेत आडवा राहिला! मामांनी त्याला एका बोटाने टिचकी मारली. दांडा अलगद डोलला. मामांचा आनंद गगनात मावेना.

"बघ! बघ, पिसासारखी आहे!"

मामीला यातलं काही कळत नव्हतं. मॅनेजरने मात्र सामानाच्या ढिगाकडे पाहिलं, त्याच्या पलीकडे मामा दिसतात का पाहिलं, आणि मोठ्ठा सुस्कारा सोडला. तो सुस्कारा कोणी मनावर घेतला नाही.

निघाले! पहाटेच्या गार हवेत मामा पुढे, हँडलच्या टोपलीत ठिणगी, मागे गाडीत मॅनेजर. इस्त्रीवाला हातातली इस्त्री तशीच धरून बघत राहिला. दूधवाल्याने स्वतःची सायकल थांबवून रस्ता दिला. मामांनी आयुष्यभर हा रस्ता गाडीतून पाहिला होता, पण त्याला वास असतो हे त्यांना ठाऊकच नव्हतं. बेकरीचा वास, ओल्या मातीचा वास, कुणाच्या तरी बागेतल्या फुलांचा वास! ठिणगी प्रत्येक वासाला उभी राहून मान वळवी आणि मामाही वळवत. एकदा तर दोघांनी एकदमच मान वळवली आणि सायकल विजेच्या खांबाला चाटून गेली. मामा मोठ्याने हसले. आडवं जाण्यात एवढी मजा असते हे आजवर त्यांना कोणी कसं सांगितलं नव्हतं?

दर थोड्या वेळाने ते थांबून मागे जात. मॅनेजर खुशाल होता, पण खूष नव्हता. त्याच्या तोंडासमोर तंबूची पिशवी होती. चटईवरून उचलून त्याला चाकांवरच्या चटईवर ठेवलं होतं, एवढंच.

दुपारनंतर टेकडी आली. तळं तिच्या बांधामागे, आणि बांधावर जायला गवताळ, सरळसोट चढण. शेवटचा टप्पा! मामांनी ठिणगीला खाली सोडलं, ती बाणासारखी वर पळाली, आणि मामांनी जीव एकवटून पॅडल मारलं.

लिफ्टमधली वजनं चढावर घसरत नाहीत. कुत्रं घसरतं.

मॅनेजर जरा मागे सरकला, पाठोपाठ सामानही सरकलं आणि तो सुंदर, पिसासारखा तोल उलटा फिरला. गाडीने मागे बूड टेकलं, दांड्याने सायकलचं मागचं चाक वर उचललं आणि मामांचे पाय हवेतच पॅडल मारू लागले. कडी निघाली, फळी पडली आणि मॅनेजर घसरगुंडीवरून यावा तसा सावकाश, चारी पाय पसरून गवतावर उतरला. मामा मात्र चारीमुंड्या चीत.

ते उठले ते थेट मॅनेजरकडे. पाय चाचपले, पोट चाचपलं, कान उलटे करून पाहिले. ओरखडा नव्हता. पण मामांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. वर बांध होता, बांधामागे तळं होतं, आणि त्यांना ते आता नको होतं. आपल्या हौसेपायी म्हाताऱ्याला काही झालं असतं तर? वर्षानुवर्षं दुसऱ्यांना सुखरूप बाहेर काढणारा माणूस, आणि आपलंच कुत्रं पाडलं! बायकोचं बरोबर होतं. ते गवतावर बसले आणि त्यांनी फोन लावला. फोनवर काय सांगायचं ते ठरलेलंच होतं, खरं काय ते.

"पोचलात?" मामी.

"जवळजवळ. गाडी कलंडली. मॅनेजर पडला."

पलीकडे दवाखान्यातली कुजबुज ऐकू येत होती, ती एकदम लांब गेली. मामी बाहेर आली असावी. "ओरखडा?"

"नाही."

"खरं सांगा."

"आहे. कोपराला."

"कुठल्या कोपराला? पुढच्या पायाच्या?"

"माझ्या."

"तुमच्या कोपराचं आपलं काही ठरलं नव्हतं," मामी म्हणाली. "त्याला घेऊन परत या हो. पुरे झालं."

"येतो," मामा म्हणाले आणि मॅनेजरला उचलायला वळले.

मॅनेजर जागेवर नव्हता. मागे कललेल्या गाडीची फळी जमिनीला टेकून तिचा उतार झाला होता, आणि त्या उतारावरून मॅनेजर एक एक पाय टाकत, लटपटत, आपला आपण वर चढत होता. त्याने डोक्याने तंबूची पिशवी ढकलली. स्टोव्ह ढकलला. डबा ढकलला. सगळं सामान मागे लोटून तो पार पुढे गेला, सायकलच्या सीटमागे, आणि तिथे बसला. धप्प! गाडी त्याच्या वजनाने पुढे कलली, सरळ झाली आणि सायकलचं चाक जमिनीवर घट्ट टेकलं.

मामा आ वासून बघत राहिले. गाडीला तोल नको होता, गाडीला वजन पुढे हवं होतं. आणि मॅनेजरला तोल-बिल काही नको होतं, त्याला त्याची पुढची सीट हवी होती.

तो मामांकडे बघत होता. माणूस काम सोडून टेकला होता. मॅनेजरने मान वर केली आणि तो भुंकला. खर्जात, दमदार, सगळी टेकडी ऐकेल असा. वरून ठिणगीने ओ दिली. तो पुन्हा भुंकला.

फोन अजून चालूच होता.

"कोण भुंकलं?" मामीने विचारलं.

"मॅनेजर," मामा म्हणाले आणि रडले. मघाशी पडले तेव्हा रडले नव्हते, आता चांगले हुंदके देऊन रडले, आणि रडता रडता ओरडले, "अगं, तो मला कामाला लाग म्हणतोय!"

"तिकडे बस कुठली येते?" मामीने विचारलं.

सूर्य मावळायच्या बेताला बांधावरून एक आकृती येताना दिसली. एका हातात उशी, दुसऱ्या हातात कोपरासाठी औषधाची बाटली. तंबू उभा होता, जरासा वाकडा. तळं रुमालाएवढं नव्हतंच मुळी, ते नजरेत मावत नव्हतं. डास होते. मामी सरळ मॅनेजरपाशी गेली, त्याच्या मानेत तोंड खुपसून बसली, आणि मामा शहाण्यासारखे स्टोव्हशी खुडबुड करत राहिले.

मग त्यांना राहवेना. "घरी कोण आहे?"

"कुलूप."

"पण कुणीतरी घरी थांबायला हवं ना?"

"घरातली सगळी इथे," मामी म्हणाली. "तिथे थांबून मी काय भिंतींना नंबर देऊ?"

सकाळी बांधावरचा सपाट रस्ता सोनेरी झाला होता. मामा सायकलवर बसायला गेले तर मामीने हँडल धरलं. "उतरा. शाळेत असताना मी दोन्ही हात सोडून चालवायचे."

"अगं पण तोल..."

"तोलाचं तो बघतो. तुम्ही मागून या."

आणि ती निघाली! आधी वेडीवाकडी, मग सरळ, मग सुसाट. पुढे ठिणगी, मध्ये मामी, तिच्या पाठीशी नाक लावून मॅनेजर, आणि सगळ्यांत मागे, जखमी कोपर धरून, धापा टाकत, "हळू! अगं हळू!" म्हणत पळणारे लिफ्टमामा. ते धाप घ्यायला जरा थांबले. मॅनेजरने मागे वळून पाहिलं आणि भुंकला.

मामा पुन्हा पळू लागले.