खुर्चीच्या वर्गातून जात्यापर्यंत

भाच्याचं लग्न ठरलं आणि वहिनीचा फोन आला. साड्या, मांडव, जेवण, सगळं सांगून झाल्यावर ती सहज म्हणाली, "बाय, हळद दळाला पोरींना बसवू. तुझे गुडघे दुखतान. तुला खुर्ची ठेवनार हाय."

मी फोन ठेवला आणि जाम चिडले. आमच्या घरी नवऱ्यामुलाची हळद दळताना जात्यात पहिली मूठ घालायचा मान आत्याचा. समोर मुलाची आई बसते. जमिनीवर, एक पाय लांब आणि दुसरा मुडपून. भाचा पाळण्यात होता तेव्हापासून मी या मानावर डोळा ठेवून होते, आणि आता मला पाहुण्यांच्या रांगेत बसवणार? गुडघेदुखीने माझं जिने चढणं बंद केलं होतं, ते मी सोसलं. हे सोसणार नव्हते.

डॉक्टर योग करा म्हणाले होते, पण सांध्यांना सांभाळून. यातलं शेवटचं मी ऐकलंच नाही. वाशीतल्या एका झगमगीत वर्गात नाव घातलं. तिथे मोठ्याने गाणी लावून सूर्यनमस्कारांचा असा सपाटा चालायचा, की मी पहिल्या दिवशी घामाघूम होऊन खूश झाले. आठवड्याभरात गुडघा टम्म सुजला. बर्फ लावत बसले असताना नवरा म्हणाला, आपल्या सोसायटीच्या हॉलमध्येच एक वर्ग आहे की. तो मला ठाऊक होता. खुर्च्या, उशा, पट्टे घेऊन सगळे हळूहळू हलायचे. मी त्याला आजी-आजोबांचा वर्ग म्हणायचे. दुसरा इलाज नव्हता, म्हणून गेले.

तिथल्या बाईंनी दुखतं कुठे, हे नंतर विचारलं. आधी विचारलं, तुम्हाला नक्की करायचंय काय? मी म्हटलं, जात्यावर बसायचंय. त्यांनी बसून दाखवायला सांगितलं. मी अर्ध्यातच अडकले, तेव्हा त्यांनी माझ्याखाली घोंगड्यांच्या घड्यांचा चांगला उंच ढीग रचला आणि मुडपलेल्या गुडघ्यामागे पंच्याची गुंडाळी सारली. बसले की मी! उंचावर का होईना, पण जात्यावरची बैठक ती हीच. मला इतका आनंद झाला, की घरी जाताना लिफ्टमध्ये मी अनोळखी माणसाला हे सांगितलं.

मग रोज सकाळी खुर्ची धरून मांड्या बळकट करायच्या आणि घोंगड्यांवर बसायचं. गुडघा कुरकुरला की बाई तिथेच थांबवायच्या. ढिगातली एकेक घडी कमी होत गेली. शेवटची निघाली त्या दिवशी हॉलची गार फरशी अंगाला लागली आणि मी चक्क टाळ्या वाजवल्या. वर्गातल्या सगळ्यांनीही वाजवल्या.

हळदीच्या दिवशी वहिनीने खरंच खुर्ची मांडली होती. मी खुर्चीच्या शेजारून गेले आणि जात्यापाशी खाली बसले. वहिनी बघतच राहिली, मग समोर येऊन बसली. बायकांनी गाणं धरलं. मी पहिली मूठ घातली, दोघींनी खुंटा धरला आणि जातं घरघरू लागलं. पिवळी भुकटी बाहेर पडायला लागली, तेव्हा मला रडू आणि हसू एकदमच आलं.

दळून झालं. मी उठले. वहिनी मात्र उठेना. पदर सारखा केल्यासारखं करत ती बसूनच राहिली. मी वाकले, तेव्हा हळूच म्हणाली, "उठाला येत नाय गं. वरसभर असंच हाय. लग्नघरात कुनाला सांगू?"

मी माझ्यासाठी ठेवलेली खुर्ची ओढून तिच्यासमोर आणली. बैठकीवर दोन्ही हात ठेव, कुशीवर वळ, आता एक पाऊल रोव, आमच्या योगाच्या वर्गात असंच उठवतात, मी कानात सांगत गेले. ती हळूहळू उभी राहिली. हळदीने पिवळे झालेले हात तिने खुर्चीवरून काढले नाहीत.

"लग्न झाल्यावर मना पन ने तिथं," ती म्हणाली.